कंबर धरली म्हणून पडून राहायचं का?

*ताई, नमस्कार. मी २८ वर्षांचा आहे. अमळनेर तालुक्यातलं गाव, नोकरी जळगावला एका खासगी ऑफिसात हिशेबाची, रोज रेल्वेने अपडाऊन. चार वर्षांपासून कंबर दुखते. पहाटे तीन-साडेतीनला जाग येते, कुशीवर वळता येत नाही. उठून अंगणात चकरा मारल्या की बरं वाटतं. सकाळी बूट घालायला वाकता येत नाही, तास-दीड तास तसाच जातो. अकरानंतर मी चारचौघांसारखा. आधी एमआरआय काढला तेव्हा गादी थोडी सरकलीय म्हणाले. बेल्ट लावला, रजा काढून झोपून राहिलो, तर आणखीच आखडलो. यंदा नाशिकच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. एचएलए-बी२७ पॉझिटिव्ह आलं, कमरेखालच्या दोन्ही सांध्यांत सूज निघाली. फाइलवर अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिस असं लिहिलंय. गोळ्या चालू आहेत. फिजिओंनी चौदा व्यायामांची झेरॉक्स दिली. आठवडाभर पहाटे उठून केले, दुखणं वाढलं, सोडून दिले. आई म्हणते, "कंबर दुखस ना, मंग पडी ऱ्हाय." माझे मोठे काका पोक काढून चालायचे, तिला तीच धास्ती आहे. व्यायाम नक्की कोणते आणि किती? आयुष्यभर करावे लागतील? मावशी म्हणते उनपदेवला न्हाऊन ये, मित्र म्हणतो जिमला चल. घरात स्थळं बघणं सुरू आहे, मुलीकडच्यांना सांगायचं का? आणि रविवारी कपाशीवर फवारणी असते, पंप पाठीवर घेऊ का? (सिगारेट दिवसाला तीन-चार.)*

भाऊ, एवढ्या मोठ्या पत्रात एक वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात आणि मला तेच सगळ्यात कामाचं वाटलं: अंगणात चकरा मारल्या की बरं वाटतं. ओझं उचलून कंबर भरते, उसण भरते, गादी सरकून पायात कळ जाते, ही दुखणी आडवं पडलं की उतरतात आणि कामाला लागलं की चढतात. तुमचं नेमकं उलटं आहे. रात्र सरत आली की दुखतं, सकाळी अर्ध्या तासाहून जास्त वेळ अंग आखडलेलं राहतं, हिंडल्या-फिरल्यावर मोकळं होतं. चाळिशीच्या आत हळूहळू सुरू झालेलं आणि तीन महिन्यांच्या पुढे गेलेलं असं दुखणं ऐकलं की जाणकार डॉक्टर मणक्यातल्या सुजेचा, म्हणजे तुमच्या फाइलवरच्या अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिसचा, विचार करतात. बी२७ ही आईवडिलांकडून येणारी जनुकाची एक खूण, तिची तपासणी त्या संशयाला आधार म्हणून असते, एकट्या रिपोर्टवरून कोणी रोगी ठरत नाही. बी२७ असलेल्या बहुतेक लोकांना हा आजार कधी होतच नाही. एक्स-रेही सुरुवातीची काही वर्षं साफ येऊ शकतो. आणि सरकलेल्या गादीचं म्हणाल तर पाठ कधीही न दुखलेल्या माणसांच्या एमआरआयमध्येही फुगलेली गादी सापडते, त्यामुळे चित्रात ती दिसली आणि सगळ्यांचं लक्ष तिकडेच गेलं यात नवल नाही. या आजाराचं निदान जगभर उशिराच होतं. चार वर्षं गेली म्हणून हळहळत बसू नका.

आत काय चाललंय ते आधी समजून घ्या, म्हणजे व्यायाम कशासाठी ते कळेल. मणक्यांना धरून ठेवणारे चिवट बंध जिथे हाडाला चिकटतात, तिथे सूज येते. शरीर ती जागा दुरुस्त करायला जातं आणि दुरुस्तीच्या नावाखाली तिथे नवं हाड घालतं. आपल्याकडे धाब्याच्या घराला गळती लागली की दर पावसाळ्याआधी वर मातीचा नवा थर चढवतात, दहा वर्षांत धाबं इतकं जड होतं की खालची लाकडी सरं वाकायला लागतात. तसं हे आहे. थरावर थर चढून काही जणांचे मणके एकमेकांना जुळून जातात. सगळ्यांचे नाही, आणि ज्यांचे जुळतात त्यांचे एका रात्रीत नाही. सूज विझवायचं काम औषधाचं, ते व्यायामाने होत नाही. व्यायामाचं काम वेगळं आहे: जे सांधे अजून हलतात ते हलते ठेवायचे, छातीचा पिंजरा फुगता ठेवायचा आणि पाठ ताठ धरणारे स्नायू टिकवायचे. समजा पुढे एखादा भाग जुळलाच, तर तो सरळ जुळावा, वाकलेला नको.

तुमच्या काकांना हाच आजार होता की आणखी काही, ते इथे बसून मी सांगणार नाही. पण त्यांच्या वेळी कंबरदुखीला एकच सल्ला मिळायचा, पडून राहा. आई तोच देताहेत, आणि मायेनं देताहेत, म्हणून तो मोडणं तुम्हाला जड जातंय. मी धुळ्यात इतकी वर्षं फिजिओथेरपी करते आहे, अशा तरुण मुलांचे व्यायाम सुटतात ते आळसापेक्षा घरच्या काळजीने जास्त. पोरगा जमिनीवर पालथा पडून कण्हतोय हे कुठल्या आईला बघवेल? तेव्हा आईंना समजावत बसू नका, त्यांना काम द्या. काय काम ते खाली सांगते.

आधी तुमचा आठवडा का फसला ते. तुम्ही पहाटे उठून चौदाच्या चौदा केलेत. पहाट ही तुमच्या पाठीची सगळ्यात वाईट वेळ. रात्रभर न हलल्याने सांधे धरलेले असतात, त्यांना त्या घडीला ताणायला गेलं की ते बोंबलणारच. शिवाय चौदा म्हणजे काहीच्या काही. फिजिओंनी बहुधा पुढच्या सहा महिन्यांचा कागद तुम्हाला एकदम दिला आणि कुठून सुरुवात करायची ते सांगायचं राहून गेलं. (आमच्याकडे लोक शेक आणि करंट घ्यायला येतात, व्यायाम दाखवायला लागलं की घड्याळ बघतात. म्हणून कधी कधी आम्हीही झेरॉक्स देऊन मोकळे होतो. हे बरोबर नाही.)

आता तुमच्याच दिवसात बसेल असं सांगते.

जाग आली की ताडकन उठायचं नाही. अंथरुणातच पाठीवर, गुडघे दुमडून, तळपाय टेकलेले. दोन्ही गुडघे जुळवून सावकाश डावीकडे न्यायचे, मग उजवीकडे, जातील तेवढेच. आठ-दहा वेळा. मग कमरेखाली जी पोकळी राहते ती अंथरुणाला हलकेच दाबायची आणि सोडायची. मग एकेक गुडघा हातांनी छातीकडे. पाच मिनिटांत संपतं. हा व्यायाम म्हणून धरूच नका, इंजिन तापवणं आहे. उठताना कुशीवर वळून, हाताचा रेटा देऊन उठा. नंतर बंबाचं गरम पाणी, पाठीवर जरा निवांत. मे महिन्यात अमळनेरला पारा चव्वेचाळिशी गाठतो, तेव्हा गरम पाण्याने न्हा म्हटलं तर आई मलाच वेड्यात काढतील. उन्हाळ्यात आंघोळ कोमट चालेल, पाच मिनिटं हालचाल मात्र बारा महिने.

मावशींच्या उनपदेवाबद्दल इथेच सांगून टाकते. अडावदजवळचं ते पाणी खरंच गरम आहे आणि गरम पाण्यात स्नायू सैल पडतात, त्यात अंधश्रद्धा काही नाही. हिवाळ्यात सहलीला जरूर जा. पण तिथून आल्यावर आजार गेला असं समजून गोळ्या बंद केल्या, तर ते मला चालणार नाही. तोच सैलपणा बंबाच्या पाण्यातही मिळतो, आणि तो रोज मिळतो.

प्रवासात. तुम्ही गावाहून स्टेशनपर्यंत मोटरसायकलवर, मग गाडीत बसून, मग ऑफिसात आठ तास खुर्चीत. म्हणजे दिवसाचे दहाएक तास तुम्ही पुढे वाकलेले. संध्याकाळचा अर्धा तास त्याला कुठे पुरणार? गाडीत जागा मिळाली तरी अर्धा रस्ता दाराच्या बाजूला, आतल्या अंगाला, उभं राहा. जळगाव स्टेशनवरून ऑफिसपर्यंत रिक्षा करत असाल तर ती सोडा आणि झपझप चाला. ऑफिसात अर्ध्या-पाऊण तासाने उठायचंच, पाण्याच्या निमित्ताने, फाइलच्या निमित्ताने. उठलात की दाराच्या चौकटीला दोन्ही हात कोपरात वाकवून टेकवा, एक पाऊल पुढे टाका आणि छाती पुढे जाऊ द्या. पुढे आलेले खांदे मागे आणायला यापेक्षा सोपा उपाय मला माहीत नाही, आणि साहेबांना वाटतं तुम्ही नुसता आळस देताय. मॉनिटर डोळ्यांच्या रेषेत येईल इतका उचला, खाली जुन्या वह्यांचे गठ्ठे ठेवा.

खरा व्यायाम संध्याकाळी, घरी आल्यावर, जेवणाआधी. तेव्हा अंग मोकळं असतं आणि पोट रिकामं. सुरुवातीला फक्त पाच प्रकार.

पहिला, पालथं झोपणं. हसू नका, तुमच्यासाठी हा सगळ्यात मोलाचा आहे. सतरंजीवर पालथे पडा, उशी नाही, हात अंगालगत, तोंड एका बाजूला, निम्म्या वेळाने दुसऱ्या बाजूला. पहिल्या आठवड्यात पाच मिनिटं, महिन्या-दीड महिन्यात पंधरा-वीस. मान वळवून दुखत असेल तर कपाळाखाली टॉवेलची घडी घ्या आणि छातीखाली पातळ उशी, हळूहळू ती काढता येते. लक्ष द्यायचं ते खुब्याच्या पुढच्या भागाकडे. तो जमिनीला टेकतोय का, की मध्ये हात जाईल इतकी फट राहतेय? दिवसभर खुर्चीत बसून मांडीच्या मुळाशी असलेले स्नायू आखडतात, मग उभं राहिलं तरी माणूस कमरेत किंचित वाकलेलाच राहतो. पोकाची सुरुवात पुष्कळदा पाठीत नसते, खुब्यात असते. ती फट महिन्याभरात कमी झाली की समजायचं, बरोबर चाललंय. पडल्या पडल्या आईंशी गप्पा मारा, पण मोबाइल हातात नको, लगेच मान वर काढाल.

दुसरा, पाठीवर झोपून गुडघे दुमडायचे आणि बैठक उचलायची, खांद्यापासून गुडघ्यापर्यंत एक रेघ होईल इतकी. पाच आकडे मोजून खाली. दहा वेळा. तिसरा, हात आणि गुडघ्यांवर येऊन मांजरासारखी पाठ वर फुगवायची, मग खाली सोडायची, श्वासाच्या लयीत. चौथा, स्टुलावर बसून हात छातीवर घडी करायचे आणि खांदे एका बाजूला वळवायचे. कंबर स्टुलाला चिकटलेली, मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर दिसेल का असं बघत वळायचं. दोन्हीकडे. पाचवा श्वासाचा: बरगड्यांवर दोन्ही बाजूंनी तळहात ठेवून नाकाने इतका श्वास घ्यायचा की तळहात बाहेर ढकलले गेले पाहिजेत. पोट फुगवणारा श्वास इथे नको. बरगड्या मणक्याला जिथे जोडल्यात त्या सांध्यांतही ही सूज येते, म्हणून छाती फुगायची कमी होते आणि जिना चढताना माणसाला धाप लागते. त्याला वाटतं आपण जाडे झालोय.

हे सगळं वीस-पंचवीस मिनिटांत होतं. ते अंगवळणी पडलं की झेरॉक्सवरचे बाकीचे एक-एक घ्या, ते आधी तुमच्या फिजिओंना समोर करून दाखवा. याशिवाय चालणं. जागतिक आरोग्य संघटना सर्व प्रौढांना आठवड्याला निदान १५० मिनिटं मध्यम जोराची हालचाल सांगते, आणि युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये स्पष्ट म्हटलंय की सुजेच्या संधिवाताच्या रुग्णांनाही हीच शिफारस लागू आहे. सूज आहे म्हणून सूट नाही. जळगावला मेहरूण तलावाकाठी संध्याकाळी फिरायला येणारे पुष्कळ असतात, गाडीला वेळ असेल त्या दिवशी तिकडे जा. उन्हाळ्यात मात्र ऊन उतरल्यावरच.

आईंचं काम आता. घरातली एक सपाट भिंत ठरवून टाका. महिन्यातून एकदा चप्पल काढून तिला पाठ लावून उभे राहा: टाचा, बैठक, खांदे टेकलेले. हनुवटी वर न उचलता डोक्याचा मागचा भाग भिंतीला टेकवायचा. टेकला तर शून्य. नाही टेकला तर मधलं अंतर आईंनी पट्टीने मोजायचं आणि कॅलेंडरवर लिहायचं. हनुवटी आभाळाकडे करून डोकं टेकवण्याची लबाडी जवळजवळ सगळेच करतात, म्हणून बाजूला बघणारं माणूस हवं. दुसरं माप शिंप्याच्या टेपने: पूर्ण श्वास सोडल्यावर छातीचा घेर, पूर्ण श्वास भरल्यावर छातीचा घेर. तुमच्या वयाच्या माणसाचा फरक पाच सेंटिमीटरच्या आसपास किंवा जास्त असावा. अडीचच्या खाली असेल तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना नक्की सांगा. ज्या आईच्या हाताने हे आकडे लिहिले जातात ती आई पडी ऱ्हाय म्हणत नाही, उलट संध्याकाळी आठवण करून देते. हे मी पाहिलेलं आहे.

दुखण्याचं गणित असं ठेवा. व्यायाम करताना ओढ बसणार, थोडं दुखणार. संपल्यावर दोन तासांत ते उतरलं तर ठीक. त्याहून जास्त टिकलं, किंवा दुसऱ्या सकाळी नेहमीपेक्षा जास्त आखडलात, तर दुसऱ्या दिवशी निम्मे करा. बंद नाही, निम्मे. मधून मधून आजार उसळी मारेल, सगळं अंग जड होईल, चिडचिड होईल. त्या दिवसांत फक्त अंथरुणातली पाच मिनिटं, गरम पाणी आणि घरातल्या घरात फिरणं एवढंच चालू ठेवा. आणि गोळी. दुखलं की घ्यायची, नाही दुखलं की नाही, असं परस्पर करू नका. डॉक्टरांनी लिहिलंय तशी, जेवणानंतर. रात्रीच्या डोसाने सकाळचं आखडणं कमी होतं का, हे त्यांना विचारा. या गोळ्या पोटाला आणि किडनीला त्रास देऊ शकतात, म्हणून मेडिकलवाल्याला सांगून वाढवून घेणं किंवा सोबत आणखी एक सुई टोचून घेणं धोक्याचं आहे. गोळ्यांनी भागलं नाही तर ॲडालिम्युमॅबसारखी इंजेक्शनं आहेत. २०१४ पासून ती भारतीय बनावटीचीही मिळतात, पूर्वीपेक्षा बरीच स्वस्त, तरी खिशाला जाणवतीलच. ती सुरू करण्याआधी क्षयरोगाची तपासणी करतात, ती टाळू नका.

जिम? जा, पण वजन उचलण्याच्या स्पर्धेसाठी नको. पाठीमागे ओढायचे व्यायाम, पाय, हलकी वजनं, आठवड्यातून दोनदा. पोहता येत असेल तर त्यासारखं दुसरं काही नाही, त्यातही पाठीवर. मात्र विहिरीत वरून उडी मारणं बंद. सूर्यनमस्काराला माझी हरकत नाही, फक्त दोन-तीन महिने थांबा आणि मग सावकाश घाला. शंभराच्या पैजा नकोत. कबड्डी आणि कुस्ती मी तुम्हाला खेळू देणार नाही.

आता एक गोष्ट जरा कडक आवाजात. न्हाव्याकडे दाढी झाल्यावर मान मोडून घ्यायची सवय असेल तर आजपासून सोडा. तसंच नस बसवणारे, कंबर मोडून देणारे, आणि पायाळू माणसाची लाथ. उसण आपली आपण दोन-चार दिवसांत जाते, म्हणून पायाळू माणसाचं नाव होतं. तुमचं दुखणं उसण नाही. या आजारात मणके ठिसूळ आणि ताठ होत जातात, अशा पाठीला किंवा मानेला झटका दिला तर हाड मोडू शकतं, मज्जारज्जूला इजा होऊ शकते. पुढे कधी पडलात-झडलात आणि नंतर मान किंवा पाठ वेगळीच दुखू लागली, तर किरकोळ समजू नका, फोटो काढून घ्या.

अंथरूण ताठ असावं, उशी पातळ. उन्हाळ्यात अंगणात बाज टाकून झोपत असाल तर ती नको. बाजेच्या झोळीत सात तास पाठ वाकडी राहते. गच्चीवर गोधडीवर झोपलेलं चांगलं. बेल्ट कपाटात ठेवा.

आयुष्यभर करावे लागतील का, असं विचारलंत. हो. त्याला गोड उत्तर नाही. दोन महिन्यांत फरक जाणवेल, मग कंटाळा येईल, मग सुटेल आणि सकाळी बूट घालताना परत आठवेल. एकट्याने होत नसेल तर कोणाबरोबर करा. एवढ्यासाठी नाशिकला जायचीही गरज नाही, धुळे, जळगाव आणि नंदुरबार तिन्हीकडे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाची रुग्णालयं आहेत, तिथे फिजिओथेरपीची चौकशी करा.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी दोन शब्द. कपाशी वेचून, ओटी भरून वाकलेल्या बाईची कंबर किंवा केळीचे घड वाहणाऱ्या माणसाची कंबर, यांचं दुखणं बहुतेक वेळा वेगळं असतं, त्यांनी वरचा कार्यक्रम जसाच्या तसा उचलू नये. पण तिशीच्या आसपासची एखादी बाई सकाळी तासभर आखडलेली असेल आणि घरचे बाळंतपणात मणक्यात इंजेक्शन दिलं तेव्हापासून म्हणून सोडून देत असतील, तर तिला एकदा डॉक्टरांना दाखवा. हा आजार बायकांनाही होतो, आणि त्यांच्यात आणखी उशिरा सापडतो. पाठदुखीबरोबर संध्याकाळचा ताप आणि वजन उतरणं असेल तर मणक्याचा क्षय नाही ना हे बघायला हवं, आपल्याकडे तो आहे. लघवी-संडासवरचा ताबा गेला, जांघेत बधिरपणा आला, पाऊल उचलेनासं झालं, तर त्याच दिवशी दवाखाना. आणि तुम्हाला भाऊ, खास सांगते: डोळा लाल झाला, दुखतोय, उजेड सहन होत नाही, असं झालं तर डोळे आलेत म्हणून मेडिकलचे थेंब घालू नका. या आजारात डोळ्याच्या आतही सूज येते. त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा आणि पाठीच्या आजाराचं नाव सांगा.

स्थळांचं. सांगा. सुपारी फुटायच्या आधी, मुलीला स्वतः, मध्यस्थामार्फत नाही. गादी सरकलीय असं गुळमुळीत नाही, आजाराचं नाव घेऊन. कमावता येतं, संसार होतो, मुलंबाळं होतात. काही गोळ्यांनी तेवढ्या काळापुरती शुक्रजंतूंची संख्या कमी होते, म्हणून लग्न ठरल्यावर डॉक्टरांना औषधांबद्दल एकदा विचारून घ्या. बी२७ मुलाकडे जाण्याची शक्यता निम्मी, पण ते गेलं म्हणजे आजारही मुलाकडे गेला असं नाही, हे वर सांगितलंच. पहाटे तीनला नवरा अंगणात का फिरतो हे तिला लग्नानंतर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. नकार येतील काही. येऊ देत.

कंसात लिहिलेली सिगारेट मी वाचली. ओढणाऱ्यांच्या मणक्यात नवं हाड जास्त वेगाने चढतं. बाकी सगळ्या सल्ल्यात मी थोडंफार मागेपुढे करायला तयार आहे, यात नाही.

राहिला पंप. सोळा लिटरचा पंप भरून पाठीवर घेतला की पाणी आणि पंप धरून वीसएक किलोंचा भार पट्ट्यांतून खांद्यांवर येतो आणि माणूस पुढे झुकूनच चालतो. तुम्ही शेतातून पूर्ण अंग काढून घ्यावं असं मला वाटत नाही, रविवारचं ते हिंडणं पाठीला बरंच आहे. आजाराने उसळी मारली असेल त्या रविवारी दुसऱ्याला सांगा. एरवी बॅटरीचा पंप वापरा, म्हणजे दांडा हलवायला नको, आणि निम्माच भरा. उचलताना बांधावर उंच ठेवून पट्टे घाला, जमिनीवरून वाकून उचलू नका. फेऱ्या दुप्पट होतील, वडील कुरकुर करतील. त्यांना म्हणावं, तेवढंच चालणं जास्त.